‘पेन्शन आली का गं या महिन्याची?’

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

नमस्कार ताई,
माझी मावशी ७३ वर्षांची आहे. तिने लग्न केलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं आणि सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्वतःच्या पगारातून तीन खोल्यांचं घर बांधलं. माझी आई आणि मामा दोघंही आता हयात नाहीत. तीन वर्षांपूर्वी मावशीचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा माझा मामेभाऊ आणि वहिनी ‘आत्याला बघायला’ म्हणून आले ते तिथलेच झाले. आता मावशीची कॉट मागच्या पडवीत आहे. एटीएम कार्ड भावाकडे. फोन केला की ‘आत्या झोपलीय’. गेल्या दिवाळीनंतर तिने घर बक्षीसपत्राने भावाच्या नावावर केलं, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. मे महिन्यात भेटायला गेले तर वहिनी एक मिनिट जागची हलली नाही. निघताना पाया पडायला वाकले तेव्हा मावशी कानात म्हणाली, ‘पेन्शन आली का गं या महिन्याची?’ माझे मिस्टर म्हणतात, त्यांच्या घरच्या भानगडीत पडू नकोस, लोक म्हणतील इस्टेटीवर डोळा आहे. ताई, मला कायद्याने काही अधिकार आहे का, की मी परकीच?
– एक भाची, नाशिक

ताई,

तुमच्या पत्रातलं बाकी सगळं वाचून मी अडकले ती मावशीने कानात विचारलेल्या त्या प्रश्नापाशी. ३४ वर्षं पोरांकडून पाढे पाठ करून घेतलेली बाई स्वतःच्या खात्यात पैसे जमा झाले का, हे दुसऱ्याच्या कानात विचारते. पडवीतल्या कॉटबद्दल भाऊ उद्या सांगेल की तिलाच आत उकडतं. फोनबद्दल सांगेल की बॅटरी गेली. या प्रश्नाला मात्र त्याच्याकडे उत्तर नाही. आणि तिने वेळ कोणती साधली बघा. तुम्ही वाकलेल्या, वहिनीला दिसतेय फक्त तुमची पाठ. बाईचं डोकं शाबूत आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे.

तुम्ही परक्या नाही. कायद्यानेही नाही. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा २००७ साली झाला. त्याच्याकडे ‘म्हाताऱ्या आई-बापांना पोसण्याचा कायदा’ म्हणून बघितलं जातं, पण मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठांनाही तो लागू आहे. त्यांच्या बाबतीत जबाबदारी येते ती ज्याच्या ताब्यात त्यांची मालमत्ता आहे किंवा ज्याला ती वारसाने मिळणार आहे, अशा नातेवाइकावर. तुमचा मामेभाऊ त्यात सरळ सरळ बसतो. अर्ज मावशीने स्वतः करायचा. तिला ते जमण्यासारखं नसेल तर तिने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्था करू शकते. ती दुसरी व्यक्ती तुम्ही. एका कागदावर ‘माझ्या वतीने माझी भाची अर्ज करील’ एवढं तिच्या अक्षरात असलं तरी सुरुवात होते.

आता मिस्टरांच्या बोलण्याकडे येते, कारण ते अगदीच पोकळ नाही. तुमची आई गेलेली, मामा गेलेले. बक्षीसपत्र झालं नसतं आणि मावशी मृत्युपत्र न करता गेली असती, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मामांची मुलं आणि तुमच्या आईची मुलं, दोन्हीकडचे तिचे वारस ठरले असते. उद्या बक्षीसपत्र रद्द झालं तर तुमचा वाटा पुन्हा जिवंत होतो. भाऊ हे पहिल्याच तारखेला बोलणार. त्याने बोलण्याआधी तुम्हीच मावशीला सांगून टाका की घर परत तुझ्या नावावर आलं तर पुढे तू ते कुणालाही दे, शाळेला दे, मला नको दिलंस तरी चालेल. हे मनापासून म्हणता येत असेल तरच या कामात पडा. येत नसेल तरी मदत करता येईल, पण मग पुढे दुसऱ्या कुणाला तरी करा. तिच्या शाळेतल्या जुन्या सहकारी बाई, शेजारच्या काकू, गावातला ज्येष्ठ नागरिक संघ. फेस्कॉम या महासंघाशी जोडलेले असे संघ महाराष्ट्रात गावोगावी आहेत आणि त्यांतल्या निवृत्त मंडळींना कचेरीत खेटे घालायची सवय असते, वेळही असतो.

पण अर्ज, संघ, कचेरी हे सगळं नंतर. आधी मावशी एकटी भेटली पाहिजे. वहिनी नाही, भाऊ नाही, तुमचे मिस्टरही नाहीत. डोळे तपासायला नेते म्हणा, कुणाच्या बारशाला नेते म्हणा, चार दिवस माहेरपणाला नाशिकला आणते म्हणा. साफ नाहीच म्हणाले तर ते ‘नाही’ तारखेनिशी वहीत लिहून ठेवा आणि १४५६७ वर फोन करा. ही ज्येष्ठांसाठीची देशभरची हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. ती तुम्हीही लावू शकता, मावशीनेच लावली पाहिजे असं नाही.

भेटली की काय विचारायचं? ‘तुला छळतात का’ असं नका विचारू. त्या पिढीची बाई ‘छे गं’ म्हणून मोकळी होईल. ‘तुला काय हवंय’ असं विचारा आणि गप्प बसा. माझा अनुभव असा की उत्तर आपल्याला वाटतं ते कधीच येत नाही. आपण वकिलापर्यंत पोचलेले असतो आणि बाईंना फक्त पुढच्या खोलीतली खिडकीजवळची जागा आणि स्वतःचं पासबुक हवं असतं. भाच्याला घराबाहेर काढायचं तिच्या मनातही नसतं, कारण रात्री उठून पाणी कोण देणार हा हिशेब तिने कधीच मांडून ठेवलेला असतो. तो हिशेब मूर्खपणाचा नाही. तुम्ही नाशिकला राहता.

सोपं आणि लगेच होण्यासारखं काम बँकेचं. खातं तिच्या एकटीच्या नावावर असेल तर तिथे तिचा शब्द शेवटचा. तिने शाखेत जाऊन एक अर्ज द्यायचा: जुनं एटीएम कार्ड बंद करा, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बदला, पासबुक भरून द्या. नंबर बहुतेक भावाचाच असणार, त्यामुळे पैसे आल्याचा मेसेज तिला दिसतच नाही. तिच्या प्रश्नाचा उगम तिथे आहे. चालवत नसेल तर ७० वर्षांवरच्या खातेदारांना घरपोच बँक सेवा देण्याबाबत रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगून ठेवलंय. शाखेत याचा कुणाला पत्ता नसेल तर लेखी मागा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावाच लागतो, तेव्हा तिला बँकेत नेण्याला घरात कुणी हरकत घेऊ शकत नाही, ती संधी सोडू नका. तुम्ही एकट्या गेलात तर बँक तुम्हाला काही सांगणार नाही, आणि ते योग्यच आहे. रागावू नका.

पासबुकात एक नोंद मुद्दाम शोधा. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये पडतं. भाच्याला ती सवलत नाही. तिथे घराच्या बाजारभावावर टक्क्यांनी शुल्क भरावं लागतं, म्हणजे रक्कम मोठी. ती कुणी भरली? गेल्या दिवाळीच्या आसपास मावशीच्याच खात्यातून लाखाची उचल निघाली, तर तिचं घर घेण्याचा खर्चही तिच्याकडूनच वसूल झाला म्हणायचा. असा पुरावा मी हातचा जाऊ देणार नाही.

आता बक्षीसपत्र. दस्त नोंदवलेला आहे, म्हणजे दुय्यम निबंधक कार्यालयात त्याच्या नोंदीचा सारांश देणारी सूची क्रमांक दोन, आपण जिला इंडेक्स टू म्हणतो ती, मिळते आणि दस्ताची प्रमाणित प्रतही मिळते. ती मिळवा आणि शांतपणे वाचा. सुरुवातीला नेहमीची पाटी असेल, ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, नैसर्गिक प्रेमापोटी’. तिच्याकडे दुर्लक्ष करा. खाली कुठे सांभाळाचा उल्लेख आहे का ते बघा. ‘लिहून घेणार यांनी माझा तहहयात सांभाळ करावयाचा आहे’ असं असेल तर तुमच्या हातात त्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर ज्येष्ठाने मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर ते देणं फसवणुकीने किंवा दबावाने झालं असं धरून त्या कायद्याखालचं न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. पण ‘सांभाळ केलेला आहे’ एवढंच असेल, मागचं सांगितलेलं आणि पुढचं काहीच नाही, तर वाट अवघड होते. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अट असल्याचं दाखवावं लागेल, नुसतं बक्षीस दिलं म्हणून ती गृहीत धरता येत नाही. पुढे जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने जरा मोकळा श्वास घेऊ दिला. मुलाने वेगळं वचनपत्र लिहून दिलं होतं, तेही न्यायालयाने जमेस धरलं, कायदा ज्येष्ठांच्या बाजूने सैल हाताने वाचावा असं सांगितलं आणि घराचा ताबा देण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकतं हे स्पष्ट केलं. तेव्हा दस्ताशिवाय आणखी काही लिहिलेलं आहे का, तेही शोधा. चिठ्ठी, व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप, ‘आत्याला आम्हीच बघणार’ असं भावाने तुम्हाला कधी पाठवलेलं काही.

अट कुठेच सापडली नाही तर दिवाणी न्यायालय आहे. तिथला आधार १८७२ चा आहे, आपला जुना करार कायदा. वय, आजार किंवा मानसिक-शारीरिक त्रास यांमुळे ज्याच्या मनाची ताकद कमी झालीय, अशा माणसाकडून त्याच्यावर वरचष्मा असणाऱ्याने काही लिहून घेतलं तर तो अवाजवी प्रभाव, हे त्यात दीडशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय. खुबा मोडून अंथरुणाला खिळलेली बाई, जेवणखाण भाच्याच्या हातात, कार्ड भाच्याच्या खिशात. पण दाव्याला मुदत आहे, वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षं. शिवाय भाऊ घर तिसऱ्यालाच विकून मोकळा झाला तर घोळ फार वाढेल, म्हणून वकिलाला मनाई हुकूम मागायला आणि लिस पेंडन्सची, म्हणजे घरावर दावा चालू असल्याची, नोटीस नोंदवायला पहिल्याच दिवशी सांगा. वकिलाच्या फीची काळजी नको. मावशी स्त्री आहे एवढ्यावर तिला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्न किती हे विचारलं जात नाही. तालुक्याच्या न्यायालयातच त्यांची समिती असते, फोन १५१००.

इथे मला थोडं रागाने लिहायचंय. माझ्या नात्यातल्या एका आजोबांच्या बक्षीसपत्राला मी हजर होते. निबंधक कार्यालय कुठलं ते राहू दे. बाकावर तीन तास. मग नाव पुकारलं, एजंट पुढे झाला, ‘आजोबा, इकडं बघा, कॅमेऱ्यात’. फोटो. अंगठा काचेवर. रेषा झिजलेल्या, मशीन घेईना, एजंटने स्वतःच्या रुमालाने त्यांचं बोट पुसलं आणि दाबून धरलं. टेबलामागून प्रश्न आला, ‘दस्त मान्य आहे ना?’ आणि आजोबांच्या मागे उभा असलेला मुलगा म्हणाला, ‘हो हो, मान्य आहे.’ संपलं. आजोबांना त्या दिवशी कमी ऐकू येत होतं, श्रवणयंत्र घरी राहिलं होतं. तो मुलगा पुढे चांगलाच वागला, तो भाग वेगळा. पण वाईट वागला असता तरी त्या टेबलापाशी काहीही वेगळं घडलं नसतं.

साठीपुढचा माणूस राहतं घर देऊन टाकत असेल तर त्याला पाच मिनिटं एकट्याला आत बसवून ‘उद्यापासून हे घर तुमचं नाही, कळतंय का’ एवढं विचारायला काय लागतं? ‘देणाऱ्याचा तहहयात राहण्याचा आणि सांभाळाचा हक्क राखून’ हे वाक्य अशा प्रत्येक दस्तात आपोआप का छापलेलं नसावं? नको असेल त्याने खोडावं. आज उलटं आहे. ज्याला कायदा माहीत आहे तो अट लिहून घेतो आणि ज्याला संरक्षणाची खरी गरज, त्याच्या दस्तात अट नसते. निर्वाहाची रक्कमही तशीच. २००७ साली कमाल महिना १०,००० रुपये ठरली, ती मर्यादा अजून तिथेच आहे. ती काढणारं, सून-जावई यांनाही जबाबदार धरणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं, समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. निवडणुकीला मतं मागायला दारात येतील त्यांना हे विचारायला हरकत नाही.

असो. मावशीचं बघू.

तिने ठरवलं की अर्ज करायचा, तर तो प्रांताकडे. उपविभागीय अधिकारी हेच या कायद्याखालचं न्यायाधिकरण. वकील लागत नाही, साध्या कागदावर मराठीत लिहिलेलं चालतं. ती राहते त्या जिल्ह्यात करता येतो. त्यामुळे ती नाशिकला तुमच्याकडे राहायला आली तर तिथेही. निर्वाहाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाली काढायचा आणि फार तर आणखी ३० दिवस घ्यायचे, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून मधल्या काळासाठी अंतरिम रक्कम मागायला विसरू नका. सुनावणीआधी प्रकरण सलोखा अधिकाऱ्याकडे जाऊ शकतं. ती पायरी हलकी समजू नका. पासबुक तिच्याकडे, फोन तिच्याकडे, पुढची खोली तिची, औषधाचा खर्च भावाचा, एवढं तिथे लेखी ठरलं आणि मावशीला तेवढंच हवं असलं, तर तुमच्या डोक्यातली लढाई बाजूला ठेवा.

मारहाण, उपाशी ठेवणं, कोंडून ठेवणं असं काही निघालं तर मात्र वाट बघू नका. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा फक्त सुनांसाठी नाही. एकाच घरात नात्याने राहणारी मावशीही त्याखाली दाद मागू शकते, आणि तिचे पैसे काढून घेणं ही त्या कायद्यात आर्थिक हिंसाच आहे. २०१६ मध्ये मुंबईच्याच एका आई-मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तक्रार कुणाविरुद्ध करता येते त्या व्याख्येतले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले, तेव्हा वहिनीविरुद्धही तक्रार होते. स्त्रियांची हेल्पलाइन १८१.

एका गोष्टीची मला भीती वाटते. समजा मावशी हल्ली विसरते. पेन्शनचा प्रश्न तिने तुम्हाला दोनदा विचारला असेल, तुम्ही एकदाच लिहिलं असेल. तसं असेल तर आधी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी, लेखी. आणि मग कृपा करून कुठल्याही कागदावर तिची सही घ्यायची घाई करू नका. कुलमुखत्यारपत्र नको, नवं मृत्युपत्र नको, तुमच्या नावाचं जॉइंट खातं तर मुळीच नको. भावाने एका गोंधळलेल्या बाईचा अंगठा घेतला म्हणून आपणही घेतला, तर प्रांतासमोर दोघंही सारखेच दिसाल. स्मृतिभ्रंश झालेल्या मोठ्या माणसाचं पालकत्व कुणी, कसं घ्यायचं याची सरळ वाट आपल्याकडे नाही. घरच्यांना थेट उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून डोकं शाबूत असतानाचा काळ मोलाचा, आणि माझ्या अंदाजाने मावशीचा तो काळ अजून चालू आहे.

मिस्टरांना म्हणावं, भानगडीत पडायचं नाही ठीक आहे, पण सातारा गाडीचं तिकीट तेवढं काढून द्या. येत्या आठवड्यात दस्ताची प्रत काढा. त्यात ‘सांभाळ’ हा शब्द कुठे, कसा आलाय ते वाक्य जसंच्या तसं उतरवून मला पाठवा. पुढचं पत्र त्यावरून लिहिते.